सगळ्यात पुढचा डबा

"सगळ्यात पुढचा डबा? दुसरा मिळालाच नाही तुला?"

इंजिनिअर फलाटावरच कडाडला. गाडी लांबलचक, हातात तीन बॅगा, शिवाय दोन पोरं. जन्मात पहिल्यांदा तिकिटं काढायचं काम बायकोवर सोपवलं, तर हिने ही अक्कल पाजळली.

फलाटावर गाडीचं एक चित्र लावलं होतं, निम्मे डबे निळे, निम्मे पिवळे. कडेवरच्या धाकट्याला बायको रंग दाखवत होती.

"चित्रं काय बघत बसलीस? चल."

परक्या देशात येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. इंजिनिअर इथली भाषा शिकला नव्हता. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं आणि बाहेर बोलण्याच्या लायकीचं कोणी त्याला भेटलं नव्हतं. बायको एका पाळणाघरात काम करायची आणि घरी पोरांशी कसले कसले शब्द बडबडायची. त्याला हसू यायचं.

आता ते पाळणाघरही सुटलं. नव्या शहरात त्याला वरची जागा मिळाली होती. त्याने होकार कळवला आणि मग घरी सांगितलं. ठरल्यावर विचारायचं काय? उद्या रुजू व्हायचं आणि संध्याकाळी नव्या बॉसकडे सहकुटुंब जेवायला जायचं. संसारी माणसावर बॉसचा विश्वास बसतो, असं त्याच्या कानावर आलं होतं. म्हणून आज दिवसभर गाडीत डोकं पिकलं तरी उद्या बायको-पोरं नीटनेटकी, हसतमुख त्याच्या शेजारी दिसायला हवी होती.

गाडी सुटायच्या आधीच धाकट्याने लॅपटॉपवर रस सांडला. इंजिनिअरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने नुसतं बोट उचललं. धाकट्याचा हुंदका अर्ध्यावर थांबला आणि ठकी, सहा वर्षांची थोरली, सीटच्या कोपऱ्यात सरकली. पोरांना धाक पुरतो, बाकी सगळी थेरं, हे त्याचं मत होतं.

"अहो, मागचा शेवटचा डबा शांततेचा आहे," बायको हळूच म्हणाली. "तिथे बोलायलाही बंदी. तुम्ही तिथे बसून काम करा ना. जागा आहे."

"कोणी सांगितलं?"

"टीसीबाईंनी."

"तुझं बोलणं कळलं त्यांना?" तो हसला. पण कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलली होती. तो उठला.

"पोरांचे पासपोर्ट देऊन ठेवता? कोणी वय विचारलं तर मला तिथवर धावायला नको."

"तुझाही घे. मला कशाला हमाली?" त्याने तिन्ही पासपोर्ट तिच्या मांडीवर टाकले. तिने त्याचं तिकीट त्याच्या खिशात सरकवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची थोरली बहीण. याच देशात समुद्रकाठी एकटी राहणारी ही बाई इंजिनिअरला डोळ्यांसमोर नको असायची. "हो, बसलो," एवढंच बोलून बायकोने फोन ठेवला, म्हणून तो चकार शब्द न बोलता गेला.

मागे खरंच शांत होतं. पण बायकोच्या वेंधळेपणाला शांततेच्या डब्यातही बंदी नसावी. आधी ठकी चार्जर घेऊन आली. मग कोट घेऊन आली. मग गोळ्यांची डबी.

"आई म्हणाली, रात्रीची गोळी विसरू नका."

"एका खेपेत सगळं आणता येत नाही? काय पोरखेळ आहे हा?" तो दबक्या आवाजात खेकसला. ठकीने मान खाली घातली.

दुपार कलल्यावर बायको स्वतःच आली. एका हाताने ठकीला धरलेलं, धाकटा कडेवर आणि मागून ओढत आणलेली त्याची मोठी बॅग.

"ही पायात येते. धाकटा चढून पडला हिच्यावरून."

"साधी एक बॅग सांभाळता येत नाही. उद्या लोकांसमोर काय दिवे लावणार आहेस?"

डब्यातली माणसं वळून पाहू लागली. बायकोने बॅग त्याच्या पायाशी उभी केली.

"जेवलात?"

"जा तू."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "ठकी, बाबांना टाटा कर." ठकीने हात हलवला. इंजिनिअरने लॅपटॉपवरून नजर काढली नाही.

पुढे एका मोठ्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. कर्ण्यावर काहीतरी लांबलचक सांगत होते, कपाळाला आठ्या घालून त्याने कानात बोळे घातले. एक हिसका बसला आणि गाडी पुन्हा निघाली.

उतरायची वेळ जवळ आली तसा तो पुढे निघाला. हिचं आवरलेलं नसणार, याची त्याला खात्री होती. काय काय सुनवायचं, ते त्याने डबे ओलांडता ओलांडता मनात जुळवलं. मध्येच एक बंद दार आडवं आलं. सकाळी ते उघडं होतं. त्याने काचेतून पाहिलं. ड्रायव्हरची पाठ दिसत होती आणि तिच्यापुढे मोकळे रूळ.

त्याने दारावर मुठी आपटल्या. टीसीबाई धावत आल्या.

"या गाडीचे जंक्शनवर दोन भाग होतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पुढचे डबे समुद्राकडे गेले. तुम्ही बरोबर बसला आहात. सकाळी तिकीट पाहिलं ना मी तुमचं."

"माझी बायको-पोरं आहेत त्यात." त्याने फोन लावला, तो बंद होता. "ती गाडी थांबवा. माझी बायको वेंधळी आहे, तिला काही कळत नाही. तुमची भाषासुद्धा येत नाही तिला. चुकून राहिली असेल तिथे."

"छान येते की," टीसीबाई म्हणाल्या. "गाडी सुटायच्या आधी त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं, मागचे डबे नक्की वेगळे होतात ना म्हणून."