हिरवा ठिपका

चारुशीलाने सकाळपासून चौथ्यांदा ओलं फडकं उचललं. या वेळी खाली भाकरी नव्हती.

जगातली बुरशी नाहीशी झाल्यापासून अकरा वर्षं काहीच धड कुजलं नव्हतं. परसात कंबरभर पानं साचली होती, उपाशी मातीत आंबा मोहरत नव्हता. काल मात्र या भाकरीवर हिरवा ठिपका दिसला होता. तो न्यायला प्रयोगशाळेची गाडी निघाली होती.

"आई, इथली भाकरी कुठेय?"

"खाल्ली," सासूबाई म्हणाल्या. "जराशी बुरशी धरली होती. तेवढा तुकडा मोडून परसात टाकला."

चारुशीला धावली. ओंजळीओंजळीने पानं उपसू लागली, आणि मध्येच थांबली. बुरशीला खायला अकरा वर्षांची पानं इथेच तर होती.

दारात हॉर्न वाजला. तिने उपसलेली पानं परत लोटली आणि कळशीभर पाणी ढिगावर ओतलं.