मामांचं काळं हेल्मेट

ज्याचं हेल्मेट जास्त काळं तो जास्त शूर, असं त्या अग्निशमन केंद्रात सगळेच मानत. तिथले जुने जवान मामा, त्यांचं हेल्मेट तर तव्यालाही लाजवेल असं काळंकुट्ट! त्यावर टिचकी मारत ते आगीचे किस्से रंगवून सांगत.

तपासणीला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मामा, वस्तू जळताना बेन्झोपायरिन नावाचं घातक रसायन तयार होतं आणि काजळीत राहतं. त्यानं कॅन्सर होऊ शकतो. धुवून टाका ते."

"वीस वर्षांची कमाई आहे बाई ही! जीव गेला तरी पाणी लावणार नाही."

सगळ्यांच्या हेल्मेटवरचा काळा थर कापसानं टिपून बाईंनी प्रयोगशाळेत धाडला. आठवड्यानं अहवाल फलकावर लागला, आणि मामांच्या नावापुढे लिहिलं होतं :


"काजळी आढळली नाही. नमुना बूटपॉलिशचा आहे."