खिडकीचे चोवीस आरे

सकाळी सात वाजता संघप्रियाच्या मोबाईलवर परदेशातून मेल आला. आठपर्यंत अर्धं पिंगळी गाव तिच्या आजोबांच्या, तात्यारावांच्या दारात जमलं. साडेआठला सुलाबाई आजीने स्वेटर घातला. एप्रिल महिना होता.

मेल सरळ होता. युरोपातल्या एका लहान शहरातलं कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, तीस वर्षांपूर्वीच्या युद्धात तोफांनी पाडलं होतं. आता ते पुन्हा उभं राहत होतं. अडलं होतं फक्त दारावरच्या गोल खिडकीपाशी. नकाशे जळाले होते. उरलेल्या फोटोंत खिडकी नुसती पांढरी दिसत होती. मग तिथल्या समितीला इंटरनेटवर एक जुना फोटो सापडला. संघप्रियानेच तो आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून टाकला होता. पुढे नवरा-नवरी, मागे हुबेहूब तेच चर्च, आणि खिडकीचा दगडी आरा न् आरा मोजता येईल असा. चोवीस. खिडकी तशीच घडवली होती. उद्घाटनाला दोघांनी यावं, तिकिटं समिती काढेल.

"आजी, विमानात बसायलीस तू!"

"खिडकीजवळची जागा दे म्हणावं," सुलाबाई म्हणाल्या.

लग्नापासून तो फोटो त्यांच्या चुलीसमोर टांगलेला होता. भाकरी थापता थापता त्या मनाने कितीदा तरी त्या दारातून आत जाऊन आल्या होत्या. प्रत्यक्षात नांदेडच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या.

दारात हलगी सुरू झाली. शेजारच्या सरजाबाई नाचता नाचता चटणीचा डबा देऊ करत होत्या. तात्याराव तेवढे बाजेवरून उठले नाहीत.

"उत्तर लिही," ते नातीला म्हणाले. "म्हणावं, आमी तिथं कधी गेलोच न्हाई. मागं चर्च न्हाई, बन्सीधर फोटोवाल्याचा पडदा हाय. सेलूचा."

हलगी थांबली.

लग्नानंतर दोघं फोटो काढायला सेलूला गेले, तेव्हा बन्सीधरकडे एकच पडदा होता. कॅलेंडरवरून रंगवलेल्या चर्चचा. तरुण तात्याराव अडून बसले. आमी बौद्ध, चर्चसमोर कशाला उभं राहू? गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर बन्सीधर ब्रश घेऊन स्टुलावर चढला आणि त्याने खिडकीत अशोकचक्र काढून दिलं. मग फोटो झाला. गुडघ्यापासून वरचा, म्हणजे खालची सतरंजी दिसायला नको.

"अहो, त्यायला काय कळायलंय?" सुलाबाई म्हणाल्या.

"रोज वंदनेत खोटं बोलणार न्हाई म्हणतो आपण. आन् तिकडं त्यायच्या देवाच्या घराला आपलं चक्र बसवायलेत!"

पहिल्यांदा संघप्रिया फिसकन हसली. मग सरजाबाई. मग सगळं अंगण. सुलाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसताच त्यांनी स्वेटर काढला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

"लिही बाई," त्या म्हणाल्या. "खरं हाय ते लिही."

संघप्रियाने सगळं लिहिलं. पडदा, स्टूल, ब्रश, चक्र.

संध्याकाळी उत्तर आलं. ती मोठ्याने सांगू लागली. समितीने लिहिलं होतं: तुमचा फोटो आम्ही आधीच इथल्या आज्यांना दाखवला होता. त्या चर्चमध्ये लग्न लागलेल्या सगळ्या जणींना, एकेकीला वेगळं बसवून. प्रत्येकीने हीच ती खिडकी म्हणून सांगितलं. तुमचं पत्र आल्यावर आज पुन्हा विचारलं. त्या फार चिडल्या. पडदा कुठलाही असो, म्हणतात, आरे चोवीसच होते. खिडकी ठेवायची की काढायची, याची बैठक शुक्रवारी आहे. आज्यांचा आग्रह आहे की फोटोतल्या नवरीलाही विचारा.

सगळे सुलाबाईंकडे बघू लागले. त्यांनी स्वेटर पुन्हा घातला. वरपर्यंत बटणं लावली.

"चोवीसच व्हते," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं रोज मोजायले मी. आन् लिही, बाकीचं तिथं येऊन सांगते."