पाठीमागचे हात

नववीत शाळा सोडली म्हणून श्यामसुंदरकाका दर रविवारी श्रमदानाला सृष्टीला टोमणा मारायचे. आज तळजाईच्या टेकडीवर वाहून गेलेली पायवाट भरायला सगळ्यांची साखळी लागली, तेव्हाही म्हणाले, "अर्ध्यात सोडायची सवय आहे हो हिला!"

"माझ्या हातून साखळी तुटली ना, तर परत टेकडीवर पाय नाही ठेवणार," ती फणकारली.

सृष्टी वळणावर उभी होती. तिच्या पाठीमागे, झुडपाआड, शेवटची जागा तेजसची. काकांकडून मुरमाचं घमेलं घ्यायचं, मान न वळवता मागे द्यायचं, रिकामं परत घ्यायचं. चाळीस घमेली झाली, एकदाही हात चुकला नाही.

तेवढ्यात खालून तेजस धापा टाकत आला. "सॉरी काका, बसच मिळाली नाही. मी कुठे उभा राहू?"

सृष्टीचा हात मागेच होता. रिकामं घमेलं त्यात अलगद येऊन टेकलं.

"काय गं, थांबलीस?" काकांनी पुढचं घमेलं तिच्याकडे सरकवलं.

"कोण थांबलंय?"

तिनं मान वळवली नाही. भरलेलं घमेलं मागे केलं.

मागच्या हातांनी ते घेतलं. या वेळी मात्र त्यांनी तिची बोटं सोडली नाहीत.