रक्षेतले शिसे

अस्थी सावडताना रक्षेत सापडलेला शिशाचा तुकडा चंद्राक्काने पदराच्या गाठीतून सोडला आणि ठासणीच्या बंदुकांच्या गोळ्या ओतणाऱ्या वृद्ध सुभाना लोहारापुढे ठेवला. तिच्या धाकट्या भावाच्या छातीत शिरलेली ती गोळी चितेवर वितळून विरूप झाली होती.

"गोल ओतू की टोकदार?" सुभानाने दोन्ही साचे पुढे केले. "माझं ऐकशील तर टोकदार घे, आक्का. लांबवर जाते, सरळ जाते. मात्र त्या साच्याला एवढं शिसं पुरायचं नाही. पदरचं थोडं घालतो."

"यात दुसरं शिसं मिसळायचं नाही, बाबा. ज्याचं आहे, त्याला तेवढंच परत करायचं आहे."

"मग गोलच होईल. पण गोल गोळी लांबून दगा देते, पोरी. फार जवळ जावं लागेल."

चंद्राक्काने गोल साचा स्वतःच्या हाताने भट्टीजवळ सरकवला.

"आबादादा आमचा चुलतभाऊ. परवा तेराव्याला पहिल्या पंगतीत बसणार आहे," ती शांतपणे म्हणाली. "आणि वाढायला मीच आहे."