पावतीवरचा वास
चाकांखाली लाकडी ओंडके. रुळावर लाल झेंडी. गळती शोधायचा साबणाचा फेस. जरा लांब उभ्या साहेबांचे चकाकते बूट. तपासनीस बाईने रेल्वेच्या टाकी-वाघिणीच्या झडपेतून फुंकरभर प्रोपेन गॅस सोडून हुंगला. "साहेब, याला वासच नाही. घरात गळला तर कुणाला कळायचंही नाही. मी उतरवून घेणार नाही." "पावतीवर लिहिलंय ना, वास मिसळलाय म्हणून?" "मग पावती हुंगा." "बाई, तुम्हाला सर्दी झाली असेल." असली इस्त्रीची माणसं तिने अठरा वर्षं पाहिली होती: झडप कुठे फिरते ठाऊक नाही, तोरा मात्र मालकाचा. तिने तपासणीचा कागद पुढे केला. "‘वास आला’ लिहा, खाली सही करा. लगेच नळी जोडते." साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "पाठवा परत." मागची वाघीण, बाई रजेवर असताना, साहेबांनी न हुंगताच उतरवून घेतली होती.