सुखचैनचा भोग

"रड," मेहंगासिंग बायकोच्या कानाशी पुटपुटला. "ठाणेदार बघतोय."

चन्नण कौरने ओढणी डोळ्यांवर ओढली. "येत नाही हो. जिवंत पोराच्या नावानं कशी रडू?"

"हळू बोल."

गुरुद्वाऱ्यात पाठ संपत आला होता. आज सुखचैनचा भोग, मेलेल्यासाठीची शेवटची प्रार्थना. सगळं गाव जमलं होतं. ठाणेदार अजायबसिंग मागच्या भिंतीशी मांडी घालून बसला होता. जोडे बाहेर, बंदूकवाले शिपाई बाहेर, नजर मात्र आत.

सुखचैन दोन वर्षांपूर्वी खलिस्तानवाल्यांत गेला. तेव्हापासून पोलीस मेहंगासिंगला उचलून नेत, चार-चार दिवसांनी सोडत. दहा दिवसांपूर्वी त्यांनी त्याला ठाण्यात एक प्रेत दाखवलं. गोळ्यांनी चेहरा उरलाच नव्हता. पण उंची सुखचैनपेक्षा कमी होती, पाय वेगळे होते. मेहंगासिंग "माझाच आहे" म्हणून जमिनीवर कोसळला. प्रेत पोलिसांनी ताब्यात दिलंच नाही. मेलेल्याला कोण शोधणार? सुखचैन त्या वेळी नेपाळच्या वाटेवर होता. आज-उद्यात तो सीमा पार करणार होता. तेवढे दोन दिवस पोलिसांनी त्याला मेलेला समजायला हवं होतं.

शेजारची निहाल कौर पुढे सरकली. "काय बाई काळीज तुझं! माझी म्हैस मेली तेव्हा मी याहून जास्त रडले."

"तुझी म्हैस दूध द्यायची," चन्नण म्हणाली. "माझ्या पोरानं काय दिलं? दोन वर्षं पोलीस."

ठाणेदाराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

सगळे अरदासच्या प्रार्थनेसाठी उभे राहिले. पाठ वाचणाऱ्या ग्रंथींनी हात जोडून म्हटलं, "सुखचैनसिंगला आपल्या चरणी जागा दे."

नको, त्याला नको, चन्नण मनात म्हणाली. मग कुणाला? तिला नवऱ्यानं सांगितलेला तो बिनचेहऱ्याचा पोरगा आठवला. कुठल्या तरी घरी त्याची आई अजून त्याच्यासाठी रोटी झाकून ठेवत असेल. तिला कुणी सांगितलंही नसेल. चन्नणच्या छातीतून असा हंबरडा फुटला की दोन बायकांना तिला धरावं लागलं. खुद्द मेहंगासिंग दचकला.

लंगरमध्ये ठाणेदार पंगतीत बसला. मेहंगासिंगने स्वतः डाळ वाढली. पळी थाळीला लागून वाजली.

"मुलगा उंच होता ना, बापूजी?"

"बेताचाच, जी."

"गावात तर उंच म्हणतात."

"पगडी उंच बांधायचा."

ठाणेदार हसला. "आणखी एक रोटी द्या."

तो सावकाश जेवला. थाळी स्वतः धुतली. दारात बसून जोडे घातले. मेहंगासिंग हात जोडून शेजारी उभा होता.

"आता फाईल बंद होईल ना, साहेब?"

"रडल्या छान हो बीजी," ठाणेदार नाडी बांधत म्हणाला. "या आठवड्यात त्याच प्रेताचे आणखी तीन भोग जेवलो मी, तीन वेगळ्या घरचे. तिथल्या एकाही आईला हे जमलं नव्हतं."